रॉबर्ट पिरेस : सहा क्लब, चार देश आणि शेवट आपल्या फातोर्ड्यात. हा माणूस नक्की का फिरला?

बांदा_नं१०

मंडळी नमस्कार, जरा मोठा प्रश्न आहे, वेळ असेल त्यांनी सविस्तर उत्तर द्या प्लीज.

माझा भाचा सावंतवाडीला शिकतो, पंधरा वर्षांचा आहे, मिडफिल्डला डावीकडून खेळतो, पाय उजवा पण जागा डावी. आणि खेळतो म्हणजे टाइमपास नाही, जुलैच्या पावसात बाकीची पोरं घरात असतात तेव्हा हा चिखलात उभा राहून शाळेच्या कंपाउंडच्या भिंतीवर बॉल मारत असतो. आधी शाळेची टीम, मग गावातल्या मंडळाची टीम, मग कुडाळच्या पोरांबरोबर खेळायला लागला आणि आता गोव्यातल्या एका अकॅडमीने ट्रायलला बोलावलंय. ताईच्या घरी यावरून रोज खटके उडतायत. तिचे सासरे म्हणतात, दोन वर्षांत ही चौथी टीम, जो एका जागी टिकत नाही त्याला कोणीच आपला म्हणत नाही. त्यांचा फुटबॉलवर राग नाहीये, नातवाची काळजी आहे, ती मला कळते.

मी त्यांना फ्रान्सचा मिडफिल्डर पिरेस याचं नाव सांगितलं. २०१४ ला आयएसएल (इंडियन सुपर लीग) पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा तो एफसी गोवाकडून खेळला, आमच्या घरी सगळ्यांनी टीव्हीवर बघितलाय. मेट्झ, मार्सेय, आर्सेनल, व्हियारेआल, ॲस्टन व्हिला, गोवा. एवढं सांगितल्यावर सासऱ्यांनी लगेच विचारलं, "मग प्रत्येक ठिकाणहून तो सोडून गेला की काढला त्याला?" प्रश्न रास्त आहे आणि मला त्याचं उत्तर पूर्ण द्यायचंय, अर्धवट नको. कोणी सांगेल का?

गनर_रत्नागिरी

भाऊ सासऱ्यांनी नेमक्या जागी बोट ठेवलंय. क्लब किती झाले हे मोजून काही कळत नाही, प्रत्येक वेळी जाण्याचं कारण काय होतं ते बघायला लागतं, आणि पिरेसच्या बाबतीत प्रत्येक वेळी ते वेगळं होतं.

जन्म १९७३, फ्रान्समधलं रीम्स. वडील पोर्तुगीज, आई स्पॅनिश, म्हणजे घरात सुरुवातीपासूनच दोन देश आणि दाराबाहेर तिसरा. सिनियर फुटबॉल सुरू झालं मेट्झमध्ये, तिथे १९९३ ते ९८. १९९६ ला फ्रान्सचा लीग कप जिंकले आणि ९७-९८ ला तर लीग जिंकता जिंकता राहिली. मेट्झ आणि लेन्स दोघांचे ६८ पॉइंट, लेन्स गोल डिफरन्सवर चॅम्पियन. त्याच उन्हाळ्यात वर्ल्ड कप. प्री क्वार्टरला पॅराग्वेसमोर फ्रान्स एक्स्ट्रा टाइममध्ये अडकलेलं असताना ब्लाँने जो गोल्डन गोल (एक्स्ट्रा टाइममधला, पडला की मॅच तिथेच संपायची) मारला त्याची सुरुवात पिरेसच्या क्रॉसवरून, मधे त्रेझेगेने डोक्याने बॉल खाली पाडला. म्हणजे मेट्झ सोडलं तेव्हा माणूस वर्ल्ड चॅम्पियन होता आणि मेट्झपेक्षा मोठा झाला होता. हे जाणं सरळ बढतीचं.

मग मार्सेय. पहिल्या सीझनला एका पॉइंटने लीग गेली, बोर्दोने नेली, आणि यूएफा कपची फायनल पार्माकडून ३-० हरले. दुसऱ्या सीझनला सगळंच कोसळलं, टीम १५व्या नंबरवर, रेलिगेशनमधून, म्हणजे खालच्या डिव्हिजनला घसरण्यापासून, जेमतेम वाचली, आणि पिरेस कॅप्टन. मार्सेयचं पब्लिक किती तापट आहे ते फुटबॉल बघणाऱ्यांना माहीतच आहे. तिथून २००० ला तो बाहेर पडला, आर्सेनलने साधारण ६० लाख पाउंड मोजून नेला. या एका ठिकाणाबद्दल कोणी म्हटलं की वातावरण बिघडलं म्हणून गेला, तर मी नाही म्हणणार नाही.

आता आर्सेनल, आणि इथे मी थोडा रमणार आहे, समजून घ्या. पहिली लीग मॅच संडरलंडला होती, आर्सेनलचा कोच व्हेंगरने त्याला मुद्दाम बेंचवर बसवला, इंग्लंडमध्ये फुटबॉल कसा खेळतात ते आधी बसून बघ म्हणून. समोरची धक्काबुक्की बघून पिरेस हादरला होता, त्याने स्वतःच नंतर सांगितलंय हे. पहिलं वर्ष त्याचं चाचपडण्यातच गेलं, मधे एफए कप सेमीला टॉटनहॅमविरुद्ध विनिंग गोल मारला तेवढं सोडून. आणि पुढच्याच वर्षी, २००१-०२ ला, फुटबॉल रायटर्सनी त्याला इंग्लंडचा फुटबॉलर ऑफ द इयर निवडला! त्या सीझनचा मार्चमधला व्हिला पार्कवरचा, म्हणजे ॲस्टन व्हिलाच्या मैदानावरचा गोल भाच्याला दाखवच. मागून लांब बॉल येतो, एका टचमध्ये तो बोटेंगच्या डोक्यावरून काढतो आणि बॉल खाली पडायच्या आत पुढे आलेल्या गोलकीपर श्मायकेलच्याही डोक्यावरून.

त्यानंतर आठवड्याच्या आत न्यूकॅसलविरुद्ध एफए कपमध्ये गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. सीझन संपला, २००२ चा वर्ल्ड कप हुकला. मे मध्ये हायबरीवर, आर्सेनलच्या घरच्या मैदानावर, लीगची ट्रॉफी घ्यायला तो न खेळताच आला, आणि त्याने ट्रॉफी उचलली तेव्हा अख्खी टीम त्याच्यासमोर वाकून मुजरा करत होती. बाहेरून आलेल्या माणसाला दोन वर्षांत टीमने केलेला मुजरा आहे तो, "कोणी आपला म्हणत नाही" याचं उत्तर त्या व्हिडिओत आहे. आजोबांना तेवढा एक दाखवा.

परत आला तो पुढची तीन वर्षं लीगमध्ये १४, १४, १४ गोल. मिडफिल्डर बरं का. २००३ च्या एफए कप फायनलचा एकमेव गोल त्याचा, साउदॅम्प्टनविरुद्ध. २००३-०४ ला ३८ मॅच, २६ जिंकल्या, १२ ड्रॉ, हार शून्य, त्या टीमच्या डाव्या बाजूला हाच. आर्सेनलसाठी एकूण ८४ गोल.

आणि मग १७ मे २००६, पॅरिसमध्ये चॅम्पियन्स लीग फायनल बार्सिलोनाविरुद्ध. स्वतःच्या देशात, घरचे लोक स्टेडियममध्ये. १८व्या मिनिटाला गोलकीपर लेहमनला रेड कार्ड, दुसरा गोलकीपर आत आणायचा तर कोणाला तरी बाहेर काढायला हवं, व्हेंगरने पिरेसला काढला. ती त्याची आर्सेनलकडून शेवटची मॅच ठरली. त्यात क्लबचा नियम असा की तिशी ओलांडलेल्याला एकाच वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट, आणि त्याला जास्त हवं होतं. व्हियारेआल द्यायला तयार होतं, तिकडे गेला. काढला नाही, पळालाही नाही, वय आणि कॉन्ट्रॅक्ट.

पुढचं दुसऱ्या कोणी लिहा, माझी लंच ब्रेक संपली.

मडगावकर_मूळ_वेंगुर्ला

पुढचं मी लिहितो, गोव्याचं तर मी डोळ्यांनी बघितलंय.

व्हियारेआल म्हणजे साधारण ५० हजार वस्तीचं गाव, आपल्या रत्नागिरीपेक्षा लहान, आणि स्पेनच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये. गंमत म्हणजे २००६ च्या चॅम्पियन्स लीग सेमीला आर्सेनलने ज्यांना हरवलं तेच हे. तिथे पोचल्या पोचल्या प्री सीझनमध्ये परत गुडघा गेला. वय ३३ ला येऊन टेकलेलं, लिगामेंटची दुसरी मोठी दुखापत, बहुतेक जण तिथेच थांबले असते. तो वसंतात परत आला आणि पुढच्या सीझनला, २००७-०८ ला, व्हियारेआल ला लीगामध्ये दुसरं आलं, बार्सिलोनाच्या वर! चार वर्षं राहिला तिथे. २००९ ला चॅम्पियन्स लीगची मॅच खेळायला लंडनला आला तेव्हा विरुद्ध टीमच्या शर्टात असून आर्सेनलच्या पब्लिकने उभं राहून टाळ्या वाजवल्या.

२०१० ला व्हियारेआलने सोडलं, मग त्या वर्षीच्या शेवटाला ॲस्टन व्हिला, तिथे कोच होते जेरार उलिये, फ्रेंचच, सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट. म्हणजे ज्या मैदानावर श्मायकेलच्या डोक्यावरून गोल मारला तेच त्याचं घरचं मैदान. पण खरं सांगायचं तर तिथे फार काही झालं नाही. नंतर क्लब नव्हता तरी आर्सेनलच्या ट्रेनिंग ग्राउंडवर जाऊन पोरांबरोबर सराव करायचा, व्हेंगरने दार कायम उघडं ठेवलं होतं.

आणि २०१४ ला गोवा. कोच झिको, पिरेस मार्की प्लेयर (टीमचा मोठ्या नावाचा स्टार), इथे असतानाच ४१ पूर्ण झाली. मी फातोर्ड्याला, मडगावच्या स्टेडियमवर, स्टँडमध्ये बऱ्यापैकी खाली बसलेलो, डाव्या टचलाइनच्या जवळ, त्यामुळे हे टीव्हीवर दिसणार नाही ते सांगतो. तो धावत नव्हता. जवळजवळ चालत होता म्हणा. पण बॉल त्याच्याकडे यायच्या आधी मान एकदा डावीकडून मागे, एकदा उजवीकडून मागे, आणि अंग आधीच अर्धं वळलेलं. बॉल पायाला लागला की आवाजच यायचा नाही, तिथल्या तिथे मरायचा. बाकीच्यांच्या पायाला लागलेला बॉल एक हात पुढे उडायचा आणि मग त्याच्या मागे धावाधाव. त्याला समोरचा माणूस चुकवायला लागायचंच नाही कारण माणूस पोचायच्या आत बॉल गेलेला असायचा, पुढे गोव्याचेच मंदार किंवा रोमियो सुटलेले असायचे. माझ्या शेजारी एक म्हातारे अंकल होते, मडगावचेच, ते पूर्ण वेळ बॉल सोडून फक्त पिरेसच्या मानेकडे बघत होते.

सगळंच गोड होतं असं नाही. कोलकात्याविरुद्ध हाफ टाइमला त्यांच्या कोचबरोबर भांडण झालं, दोन मॅचची बंदी बसली. मॅचही त्याने मोजक्याच खेळल्या. गोवा लीगमध्ये दुसरं आलं, सेमीला कोलकात्याबरोबर दोन्ही मॅच ०-०, आणि फातोर्ड्यातच पेनल्टीवर २-४ हरलो. त्या रात्री स्टेडियमबाहेर जे सामसूम होतं ते मला अजून आठवतं.

पण एक सांगतो, तो इथे आल्याने गोव्याच्या पोरांच्या डोक्यातलं अंतर कमी झालं. त्याच टीममधला रोमियो फर्नांडिस, आधी धेंपो क्लबचा, २०१५ ला ब्राझीलच्या अत्लेतिको पारानायेन्सेकडे लोनवर गेला आणि तिथे खेळला. तोही मिडफिल्डरच. इथून बांद्याहून पेडण्याला जायला घाबरणारे लोक आहेत, तो आसोळण्याहून ब्राझीलला गेला.

झिल_सावतवाडीचो

माका एकच सांगूचा हा. २००० च्या युरो फायनलात इटलीक पाडणारो गोल्डन गोल त्रेझेगेन मारल्यान, सगळे तेचाच नाव घेतत. पण बॉल दिल्यान कोणी? पिरेसान. मॅच संपत इल्ली तेवा मैदानात उतारलो, एक्स्ट्रा टाइमात डावीकडसून दोन तीन जणांक काढून आत घुसलो आणि मागे कट करून दिल्यान.

आणि २०१४ साली तोच त्रेझेगे खंय खेळाक इलो? पुण्याक! पिरेस गोंयात, त्रेझेगे पुण्यात. मुंबयक ल्युंगबर्ग, तो आर्सेनलात तेच्याच वांगडा उजवीकडसून खेळललो. नॉर्थईस्टाक काप्देविला, तो व्हियारेआलात वांगडा होतो. म्हणजे जो जो तेका भेटलो तो खंय ना खंय परत समोर इलो. आजोबांक सांगा, फिरणाऱ्याक माणसा गावतत.

अलिबाग_सिक्स

थ्रेड मस्त चाललाय पण मला थोडं वेगळं म्हणायचंय, राग मानू नका. पिरेस "फिरला" हे वाक्यच मला पटत नाही. हिशोब करा. मेट्झमध्ये पाच सीझन, आर्सेनलमध्ये सहा, व्हियारेआलमध्ये चार. पंधरा वर्षं तीन क्लबमध्ये! मार्सेय दोन वर्षं, व्हिला आणि गोवा मिळून वर्षभरसुद्धा नाही. तेव्हा आजोबा म्हणतात ती टिकण्याची गोष्ट पिरेसकडे होतीच. दुसऱ्या देशात पहिलं वर्ष वाईट गेलं तेव्हा तो परत नाही फिरला, लिगामेंट फाटलं तेव्हा नाही फिरला. भाच्याला पिरेस दाखवायचा असेल तर हे पण दाखवा, नुसती सहा नावं सांगितली तर पोरगं वेगळाच अर्थ काढेल.

खरंच फिरलेला मिडफिल्डर बघायचा तर सीडॉर्फ. जन्म सुरीनामचा, मग आयाक्स, सँपडोरिया, रेआल माद्रिद, इंटर, मिलान आणि शेवटी ब्राझीलला बोताफोगो. १९९५ ला आयाक्सकडून, ९८ ला माद्रिदकडून, २००३ आणि २००७ ला मिलानकडून चॅम्पियन्स लीग, तीन वेगवेगळ्या क्लबकडून जिंकणारा पहिला माणूस. पण त्याचंही तेच, पंचविशीपर्यंत चार क्लब आणि मग मिलानला दहा वर्षं. लहान वयात जागा शोधायची, सापडली की रुजायचं. दोन वर्षांत चार टीम याची मला चिंता नाही कारण पोरगा पंधराचा आहे, पण गोव्याला घेतला तर तिथे किमान दोन सीझन काढायची तयारी हवी, पहिल्या दोन महिन्यांत बेंचवर बसवलं म्हणून घरी परत आणू नका.

गनर_रत्नागिरी

अलिबागकर, शंभर टक्के. संडरलंडच्या त्या बेंचवरच सगळं आहे.

शिट्टी_मास्तर (कणकवली)

मी शाळेत पीटी शिकवतो, बरीच वर्षं फुटबॉलची टीम घेऊन जिल्हाभर फिरतो, म्हणून दोन गोष्टी खेळाच्या आणि दोन कागदाच्या सांगतो.

उजव्या पायाचा माणूस डावीकडे का? कारण तो लाइन धरून पळायला तिथे नसतोच, आत यायला असतो. आत आला की गोल त्याच्या उजव्या पायासमोर उघडतो. पिरेस आत यायचा तेव्हा मागून लेफ्ट बॅक ॲशली कोल बाहेरून सुटायचा, पुढे स्ट्रायकर आँरी डावीकडे सरकायचा, बिचारा समोरचा राइट बॅक तिघांपैकी कोणाला धरणार? पण हे जमायला बॉल मिळायच्या आधी बघून ठेवायला लागतं, मडगावकरांनी मानेचं लिहिलंय ते सोन्यासारखं आहे. आमच्याकडे पोरांची अडचण मैदानाची. भातकापणी झाल्यावर मळ्यात खेळतात, ढेकळांवर बॉल कुठेही उडतो, म्हणून पोरं मान खाली घालून बॉलकडेच बघत राहतात. त्याला उपाय तोच जो तुमचा भाचा करतोय, भिंत. फक्त बॉल मारल्यावर परत यायच्या आत एकदा मागे वळून बघायचं, मागे कोणीतरी उभं करा, तो बोटं दाखवेल, किती बोटं ते ओरडून सांगायचं आणि मग बॉल घ्यायचा. माझ्या मुलींच्या टीमला हे फार लागू पडलं.

गुडघ्याचं. पिरेसचे दोन्ही वेळेला महिनेच्या महिने गेले, आणि त्याच्याकडे जगातले भारी डॉक्टर होते. आपल्याकडे पोरं गुडघा सुजला तर हळद लावून चौथ्या दिवशी मैदानात. पंधराव्या वर्षी हाडं वाढत असतात, अकॅडमीत फिजिओ आहे का हे ट्रायलच्या आधी विचारा. मैदान किती हिरवं आहे ते नंतर बघा.

आता कागद. पोराची नोंदणी भारतीय फुटबॉल फेडरेशनच्या सीआरएस सिस्टीममध्ये (खेळाडूंच्या ऑनलाइन नोंदणीत) कुठल्या क्लबच्या नावाने होणार, किती काळासाठी, आणि सोडायचं झालं तर मोकळं कोण करणार, हे सही करायच्या आधी स्वच्छ विचारून लेखी घ्या. आमच्या तालुक्यातल्या एका मुलाचं एक अख्खं वर्ष नुसतं जुन्या टीमने कागद न दिल्याने गेलं, पोरगा चांगला होता, नुसता बसून राहिला. आणि कुडाळच्या टीमला सांगा की त्यांनीही त्याची नोंद नीट ठेवावी. फिफाच्या नियमात आहे, खेळाडूची पुढे आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर झाली तर फीमधले ५ टक्के त्याला १२ ते २३ वयात ज्या क्लबांनी घडवलं त्यांच्यात वाटले जातात. रक्कम मिळो न मिळो, पण लहान क्लबचं नाव त्या कागदावर असतं, पोरगा कुठेही गेला तरी.

बांदा_नं१०

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. काल रात्री ताईकडे जाऊन सासऱ्यांना पूर्ण थ्रेड वाचून दाखवला, मालवणीतली पोस्ट तर दोनदा. ट्रॉफीवाला व्हिडिओ बघून ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "तो फायनलात अठराव्या मिनिटाला बाहेर काढलेला, तो नंतर त्या कोचशी बोलला का?" मी सांगितलं की मडगावकरांनी लिहिलंय तसं, नंतर त्याच्याकडेच सरावाला जात होता. ते त्यांना पटलं. ट्रायलला स्वतः यायचं म्हणतायत. आता प्रश्न दहावीचा, अकॅडमीत राहून शाळा कशी करायची?

शिट्टी_मास्तर (कणकवली)

आजोबा येतायत ही चांगली बातमी. शाळेचं असं करा, ट्रायलच्याच दिवशी अकॅडमीला विचारा की पोरं कुठल्या शाळेत जातात, सकाळचं ट्रेनिंग किती वाजता सुटतं, आणि मागच्या वर्षी दहावीला बसलेल्या एखाद्या मुलाच्या पालकांशी बोलायला मिळेल का. बोलू देत असतील तर निम्मं काम झालं. बोर्ड बदलणार असेल तर दहावीच्या मधे नका हलवू, नववी संपल्यावर किंवा सरळ दहावीनंतर. तोपर्यंत सुट्टीतले कॅम्प करता येतील, सावंतवाडीहून मडगाव ट्रेनने काही लांब नाही. आणि ट्रायलला नवे बूट घालून पाठवू नका, जुने, पायाला बसलेलेच घालू दे.